एकेचाळीस मेंढ्यांची नावं

मी खुर्चीवर बसले आणि सर उठले. मला वाटलं, मान द्यायला उठले. चोवीस वर्षांची होते, त्या वयात असलं काहीही वाटतं. सर माझ्या मागं गेले, खिडकीची कडी काढली, दोन्ही तावदानं बाहेर ढकलली आणि रुमालाला बोटं पुसत परत जागेवर येऊन बसले. मार्गशीर्षातली थंडी सरळ माझ्या पाठीवर आली.

"लोकरीचा वास मला सोसत नाही," ते शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साताऱ्यातल्या एका संशोधन संस्थेतली ती मुलाखत. संस्थेचं काम काय, तर मेंढ्या आणि लोकर. म्हणजे ज्यांची अख्खी नोकरी लोकरीवर उभी, त्यांना लोकरीचा वास सोसत नव्हता. आज लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा काय आलं तोंडातून? "सॉरी सर."

माझ्या खांद्यावर घोंगडी होती. नवीकोरी. माझी मुलाखत ठरली हे कळल्यावर आयेनं आमच्याच मेंढरांची लोकर वेगळी काढून, निवडून, सणगराकडून ती विणून घेतली होती. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती कडक बसावी म्हणून. त्या खळीचा एक आंबूस वास दोन-तीन महिने जात नाही. आमच्यात तो वास आला की माणसं जवळ येऊन कापडाला हात लावून बघतात, "नवी केली व्हय?" म्हणून विचारतात. तो नव्या वस्त्राचा वास आहे. सरांना तो घाणीचा वाटला. आणि गंमत बघा, दोन मिनिटांत मलाही तो घाणीचाच यायला लागला. इतकी हुशार होते मी. इतक्या लवकर शिकायचे.

"घरी काय करतात?"

"शेती असते, सर."

"मेंढ्यांचा काही अनुभव?"

"पुस्तकातला आहे, सर."

ज्या पोरीनं चालायला शिकताना कोकराच्या मानेला धरून पहिली पावलं टाकली, ती असं बोलली. सर खूश झाले. "छान. आम्हाला शास्त्रीय दृष्टीची माणसं हवीत," म्हणाले. पेरू नावाच्या देशात, उंच डोंगरावरच्या एका मेंढी केंद्रात सहा महिने अभ्यास करायला माझी निवड झाली. (देशाच्या नावावरून गावात जे विनोद व्हायचे ते सगळे तेव्हाच होऊन गेले. इथं परत करत नाही.)

सातारच्या एसटी स्टँडवर मी घोंगडी काढली, नीट चार घड्या घातल्या आणि बाकावर ठेवली. मग फलटणच्या गाडीत जाऊन बसले. गाडी वळेपर्यंत ती मला दिसत होती. पळवली नाही, हरवली नाही, विसरली नाही. ठेवली.

आमचं मूळ गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला. तिकडं दिवाळीनंतर चारा संपतो, म्हणून आये आणि आप्पा दरवर्षी मेंढरं घेऊन फलटणच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात यायचे. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्या रानाला खत, आमच्या मेंढरांना पाला. मी तळावर पोचले तेव्हा आये जाळीच्या मेखा उपटत होती.

"आये, घोंगडी चोरीला गेली."

"कुटं गं?"

"सातारच्या स्टँडावर."

तिनं मेख उपटली, माती झटकली. "चोराला थंडी वाजत आसंल. ऱ्हाऊ दे. तुजं काम झालं न्हवं?"

"झालं."

"मग झालं तर."

तेवढंच. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही, आणि त्या हिवाळ्यात स्वतःची जुनी, भोकं पडलेली घोंगडी तिनं माझ्या पांघरुणावर टाकली. मी ती पायानं खाली सरकवायचे. वास यायचा ना मला.

पेरूत सगळं काम स्पॅनिशमधून. इंग्रजीचा तिथं उपयोग नाही, म्हणून संस्थेनं माझी सोय पाचगणीत केली. तिथल्या एका निवासी शाळेत एक म्हाताऱ्या स्पॅनिश सिस्टर होत्या. चार महिने त्यांच्याकडं शिकायचं, राहायचं शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. सिस्टर कडक. हातात लाकडी पट्टी असायची, मारायच्या कुणाला नाहीत, पण टेबलावर आपटायच्या. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य.

"कोमो से यामा उस्तेद?"

तुमचं नाव काय? हे मी शंभरदा म्हटलं असेल. बोरीबंदर ते पाचगणी येईल एवढं लांबवून म्हटलं, आखडून म्हटलं, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून फिरताना म्हटलं. वाफ्यात काम करणाऱ्या बायका हसायच्या. "येडं लागलं वाटतं मास्तरणीला," एक म्हणाली होती. मास्तरणी म्हणाली म्हणून मला बरं वाटलं. तेवढ्यावर फुगायचे मी.

चौथ्या की पाचव्या दिवशी सिस्टरांनी पुढचा प्रश्न घातला. तुमच्या आईचं नाव काय?

माझ्या आईचं नाव बाळव्वा. कर्नाटकाच्या कडेला असलेल्या आमच्या गावात निम्म्या बायकांच्या नावापुढं व्वा लागतो. त्या वेळी बाळव्वा फलटणच्या रानात कुणाच्या तरी बांधावर बसून भाकरी थापत असणार. मी सिस्टरांकडं बघितलं, त्यांचा पांढरा झगा, स्वच्छ टेबल, त्यावरची फुलदाणी बघितली. आणि म्हणाले,

"मि माद्रे से यामा सुमती."

स्पॅनिशमध्ये मी स्वतः जुळवून बोललेलं पहिलं वाक्य. तेच खोटं. सिस्टरांना दोन्ही नावं सारखीच परकी, बाळव्वा म्हटलं असतं तरी त्यांनी "मुय ब्येन", म्हणजे फार छान, म्हणून मान हलवली असती. मला लाजवणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मी होते.

पेरूत पहिले पंधरा दिवस मी डोकं धरून पडून होते. उंचीमुळं हवा विरळ, चार पावलं टाकली की धाप. इतिहासात मेंढपाळाच्या पोरीला डोंगर बाधला असं पहिल्यांदाच घडलं असेल. केंद्राचे प्रमुख डॉक्टर होते, जनावरांचे. सगळे त्यांना दोक्तोर म्हणायचे. त्यांच्या आज्याच्या काळात तो दिसेल तेवढा डोंगर त्यांच्याच घराचा होता, आणि आसपासच्या गावातली मेंढपाळ माणसं त्यांच्या घरची राबती होती. आता जमीन वाटून गेली होती. दोक्तोरांची बसायची पद्धत मात्र गेली नव्हती.

माझं काम असं की, मेंढपाळ बायका पैदाशीसाठी मेंढी कशी निवडतात ते बघायचं आणि लिहायचं. छापील तक्ते दिलेले. मेंढपाळ क्रमांक, गाव, मेंढ्या, खुणा, कारणं.

सातव्या क्रमांकाची बाई माझ्या आईच्या वयाची. जाड घेराचा झगा, डोक्याला टोपी, खांद्यावर गाठ मारलेली लोकरी शाल आणि चालता चालता हातात चाती. आमच्याकडं आप्पा असाच चालता चालता सूत काढायचा. तिची बोली वेगळीच होती, स्पॅनिश तिला माझ्यासारखंच मोडकं येत होतं. दोघींचं मोडकं एकमेकींना बरोबर बसायचं. तिचं बोलणं मला आमच्याकडच्या कानानं ऐकू यायचं, म्हणून इथं तसंच लिहिते.

पहिल्याच दिवशी तिनं एक मेंढी धरली, खांद्यापाशी लोकर बोटांनी फाकवली आणि आत फुंकर मारली. लोकर उघडून आतली कातडी दिसली, तिचा रंग दिसला, लोकरीचं मूळ दिसलं. मग तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे ही चांगली.

माझी आई अशीच फुंकर मारायची. अगदी अशीच, डोळे बारीक करून, गाल न फुगवता. बाजारात मेंढी घेताना ती पहिली फुंकर मारायची आणि मगच भाव बोलायची.

हे मी त्या बाईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वहीत लिहिलं, "स्थानिक पद्धत. पूर्वी कुठंही नोंद नाही." खरंच होतं की. माझ्या आईची नोंद कोण ठेवणार.

"तुज्या आईची मेंढरं किती?" तिनं विचारलं. आमच्यातही हेच पहिलं विचारतात. माणूस भेटला की आधी मेंढरं विचारायची, मग पाऊस, मग लेकरं.

"आमच्याकडं मेंढ्या नाहीत. माझे वडील शिक्षक आहेत."

तिनं एक कोकरू उचलून माझ्या हातात दिलं. मी घेतलं. पुढचे पाय एका हातात, छाती हाताच्या घडीवर, तोंड माझ्या कोपराखाली, म्हणजे ते घाबरत नाही. हात आपोआप तसे गेले. ती माझ्या हातांकडं बघत राहिली आणि मग एवढी हसली की तिच्या डोक्यावरची टोपी सरकली.

"शिक्षकाच्या लेकी आसं धरत न्हाईत," म्हणाली.

मी लाल झाले. तिनं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. माझं खोटं तिनं तिच्याजवळ ठेवून घेतलं. त्यानंतर मला ती "पोरी" म्हणायची. चुलीत भाजलेले बटाटे शालीच्या टोकात बांधून आणायची, गरम असताना खा म्हणायची.

मग तो दिवस.

तिला लोकरीचे नमुने घेऊन केंद्रावर बोलावलं होतं. सकाळपासून चालत आली. टेबलाशी दोक्तोर, त्यांचे दोन मदतनीस आणि मी. ती आत येऊन भिंतीशी बसली, गाठोडं सोडायला लागली. शाल ओली होती, वाटेत गारा लागल्या होत्या. ओल्या लोकरीचा वास खोलीत पसरला. ओळखीचा वास. माझ्या पांघरुणावरचा.

दोक्तोर मान वर न करता म्हणाले, "आब्रा ला वेन्ताना, पोर फावोर."

खिडकी उघडा, कृपा करून.

आता माझी अक्कल ऐका. मला पहिल्यांदा काय वाटलं, तर आनंद झाला. वाक्य कळलं म्हणून. मदतनिसांच्या आधी कळलं म्हणून. आज्ञार्थ, कर्म, विनंती, सगळं सिस्टरांनी शिकवलेलं, बरोबर जागी. मी ताडकन उठले. कडी घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढली. तावदान बाहेर ढकललं. थंड वारा आत आला. आणि मी हसत वळले, वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखी.

"मुय ब्येन," दोक्तोर म्हणाले. "तुमचं स्पॅनिश सुधारतंय."

तेव्हा मला भिंतीशी बसलेली ती दिसली. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. कोकरू धरल्यावर माझ्या हातांकडं बघत होती ना, तसंच. हात काय करतात ते बघत होती.

ती उठली. नमुने टेबलावर ठेवले, शाल पुन्हा बांधली आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली घरी. तर ती भिंतीला वळसा घालून मी उघडलेल्या खिडकीशी बाहेरच्या बाजूनं येऊन उभी राहिली.

"विचारा तुमी," म्हणाली.

सकाळपर्यंत मी "पोरी" होते. आता तुमी झाले.

आणि मी विचारलं. हेच तर सांगायचं आहे. मी वही बंद करून बाहेर गेले नाही. "तुम्ही आत या," म्हणाले नाही. माझा तक्ता अर्धा राहिला होता आणि मला तो पुरा करायचा होता. ती वाऱ्यात उभी, मी आत खुर्चीवर, मधे खिडकी. कागद उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला होता. तिच्या एकेका मेंढीचं नाव मी विचारत गेले आणि लिहीत गेले. ढगाची लेक. करपलेली भाकरी. चोरवाट. दोनदा मेलेली. दोक्तोराची बायको. ते शेवटचं नाव तिनं आवाज न उतरवता, आत ऐकू जाईल असं सांगितलं. खोलीतल्या कुणी मान वर केली नाही, त्यांना आमच्या मोडक्या बोलण्यात रस नव्हता. एकेचाळीस मेंढ्या, एकेचाळीस नावं. मग ती गेली.

तिचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आधी नाही, नंतर नाही. तक्त्यात तो रकानाच नव्हता. सात हा आकडा होता. पाचगणीच्या वाफ्यांतून शंभरदा घोकलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं, पाठ होतं, उच्चार उत्तम होता. ज्या एका माणसाला ते विचारायला हवं होतं, त्या माणसाला मी ते विचारलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. गाढ झोपले. बटाटे यायचे बंद झाले, तेवढं जाणवलं.

परत आले तेव्हा आप्पा थकला होता, मेंढरं कमी केली होती, आये गावीच होती. मी तिला फोटो दाखवले. एका फोटोत ती बाई लोकरीत फुंकर मारतेय. आयेनं फोटो हातात घेतला, उजेडात धरला.

"आगं, ही तर बराबर फुकतीय," म्हणाली. कधी नव्हे ती खूश.

मी वहीतली मेंढ्यांची नावं मराठीत करून वाचून दाखवली. दोक्तोराची बायको आल्यावर आये हसून हसून खोकायला लागली. आमच्या कळपात एक हावरी, कुणाला चाऱ्याला शिवू न देणारी मेंढी होती, तिला ती पाटलीण म्हणायची.

"म्हंजी पाटलीण तिकडं बी हाय," डोळे पुसत म्हणाली. मग तिनं फोटोवर बोट ठेवलं. "आन् हिचं नाव काय?"

"मारिया," मी म्हणाले. एका क्षणात. तिकडं दर दुसरी बाई मारिया, म्हणून.

आयेनं ते धरून ठेवलं. दरवर्षी कोकरं व्हायच्या दिवसात विचारायची, "मारियाची बी व्याली आसतील न्हवं? तिकडं कवा व्यात्यात?" गारपीट झाली की म्हणायची, "मारियाकडं बी आसंच पडत आसंल, लय उंचावर हाय ती." मरायच्या आदल्या वर्षीसुद्धा विचारलं. एका मेंढपाळणीनं दुसरीची अशी काळजी केली, आणि ती काळजी मी दिलेल्या खोट्या नावावर गेली.

मी मात्र वाढत गेले. प्रबंध झाला, नोकरी झाली, सांगलीत घर झालं. फुंकरीवरचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. परिषदांत लोक "तुमची फुंकर पद्धत" म्हणायचे. मी दुरुस्त केलं नाही. भाषणात मेंढपाळ समाजाच्या शहाणपणाबद्दल मी फार सुंदर बोलायचे. माझी एक विद्यार्थिनी एकदा रडली होती ते ऐकून. मीपण थोडी रडले होते. ऐकण्यासारखंच बोलायचे हो.

आता माझी नात. मुक्ता. बावीस वर्षांची, गवताळ रानांवर अभ्यास करते. मेंढी कुठून धरायची ते तिला येत नाही, पण मेंढी काय खाते त्याची लॅटिन नावं तोंडपाठ. तिला सहा महिन्यांसाठी पेरूला जायचंय, त्याच डोंगराच्या भागात. महिन्याभरापूर्वी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून मोबाइलवर स्पॅनिश शिकत होती. मोबाइल बोलला, "कोमो से यामा उस्तेद?" तिनं म्हटलं. मोबाइलनं पुन्हा म्हणायला लावलं.

मी भाजी परतत होते. "'या' असा काढायचा, जीभ वर," मी म्हणाले. खोड जात नाही.

"आज्जी, तुझ्या वह्या आहेत का अजून? तिथल्या?"

ट्रंकेतून काढून दिल्या. ती जमिनीवर मांडी घालून वाचायला लागली. मेंढ्यांची नावं वाचून हसली, पणजी हसली होती तशीच. मग पान उलटलं, परत मागं आली, परत पुढं गेली.

"आज्जी, हिचं नाव कुठंय?"

"सात."

"सात हे नाव आहे?"

मारिया जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. स्टँडवरची घोंगडी, सुमती, खिडकी, मारिया. या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. नवरा गेला त्यालाही नाही.

मुक्तानं वही मिटली. "पणजीनं विचारलं होतं ना तुला?"

"व्हय."

"आणि तू तिलाही फसवलंस."

"व्हय."

तू तेव्हा लहान होतीस, काळ तसा होता, असं काहीतरी ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. म्हणाली नाही. उठली आणि चहाचे कप विसळायला लागली. शहाणी आहे पोरगी. मला त्या दिवशी तिची भीती वाटली आणि अभिमानही वाटला, भीती जास्त.

त्याच आठवड्यात सातारच्या त्याच संस्थेचे आत्ताचे संचालक घरी आले. तरुण आहेत, नम्र आहेत. माझा जुना प्रबंध त्यांना मराठीत पुस्तक करून काढायचाय, आणि त्या कार्यक्रमात माझा सत्कार. मुखपृष्ठाचा नमुना आणला होता. फुंकर मारणाऱ्या त्या बाईचा फोटो, पानभर. वर ठळक माझं नाव.

"मॅडम, कव्हर लय भारी झालंय," ते म्हणाले. "आणि सत्कार शाल-श्रीफळानं नाही करायचा. घोंगडी आणि काठी. आपली संस्कृती." प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी घोंगडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "अजिबात वास येत नाही, मॅडम. मुद्दाम बघून घेतली."

मी ती नाकाशी नेली. खरंच येत नव्हता. प्लॅस्टिकचा येत होता थोडा.

"खळीची आहे का?"

"कसली खळ?"

मुक्ता दाराशी उभी राहून बघत होती.

"तुमच्या संस्थेत एक सर होते," मी म्हणाले आणि त्यांना मुलाखतीतली खिडकी सांगितली. ते अवघडले.

"जुन्या काळातले होते, मॅडम. पण मनानं चांगले होते असं ऐकलंय."

"मीपण मनानं चांगलीच होते. तरी उघडली."

त्यांना कळलं नाही. मग दुसरी खिडकी सांगितली. चहा गार झाला. फोटोवर बोट ठेवून मी म्हणाले, "हिचं नाव नाही आपल्याकडं. मी विचारलं नव्हतं."

"ठीक आहे ना मॅडम, आपण खाली 'मेंढपाळ भगिनी' लिहू."

"माझी नव्हती ती बहीण. असती तर वाऱ्यात उभी केली नसती मी."

"पण संशोधनात अशी नावं देतच नाहीत, मॅडम. क्रमांकच असतो. पद्धत आहे तशी."

"मग माझंही क्रमांकानं घाला. आठ. वय चोवीस, मेंढपाळाची मुलगी. फुंकर मारता येते, पण सांगत नाही."

ते हसले, मी हसले नाही म्हणून थांबले. पत्रिका छापून झाल्यात, पाहुणे ठरलेत, असं बरंच म्हणाले. बिनलेखकाचं पुस्तक कसं काढायचं, असंही म्हणाले.

"तुमच्या संस्थेतून एक बिननावाची बाई पन्नास वर्षं चालली की."

घोंगडी मी घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. चार घड्या. या वेळी बाकावर ठेवली नाही, देणाऱ्याच्या हातात दिली आणि नको म्हणाले. एवढं सोपं होतं ते. एवढं करायला मला म्हातारी व्हावं लागलं.

मुक्ता सोमवारी निघतेय. वहीची नक्कल तिच्याबरोबर आहे. तिला सांगितलंय, त्या गावात गेलीस की आधी मेंढ्यांची नावं वाच. आमच्यात मेंढीचं नाव पुढं तिच्या पिलाला चालतं, तिकडंही चालत असेल तर कुणीतरी हटकेल. दोक्तोराची बायको नावाची मेंढी गावातलं कुणी विसरणार नाही. मग विचार, ही मेंढरं कुणाची. बाई बहुतेक नसेल. लेक असेल, नातू असेल. त्यांनी दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभी राहा, आत बोलावलं नाही म्हणून फुगू नकोस. माझी माफी मात्र घेऊन जाऊ नकोस. मी ती पाठवत नाही. पाठवलेली माफी त्या प्लॅस्टिकमधल्या घोंगडीसारखी असते, तिला वास येत नाही.

नाव मिळालं तर मुखपृष्ठावर पहिलं तिचं, मग माझ्या आईचं, आणि उरलेल्या जागेत माझं. नाव मिळालं नाही तर पुस्तक नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही, आणि नंतरही नाही, तसं मुक्ताला कागदावर लिहून दिलंय. संस्थेलाही काल पत्र टाकलं. लेखकाच्या माहितीचा त्यांचा एक छापील फॉर्म होता, तोही सोबत भरला. त्यात आईचं नाव विचारलं नव्हतं, तिचा व्यवसायही विचारला नव्हता. मी समासात लिहिलं.

आईचं नाव बाळव्वा. व्यवसाय मेंढरं.

खाली सही केली.